लिंक पेशंट

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सरकारी हॉस्पिटलने अकरा महिन्यांनंतरची तारीख दिली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आई दिवसभर खुर्चीत बसून असायची. तांदूळ निवडणं हे तिचं हक्काचं काम, पण तेही सुटलं होतं. नुसतं ताटावरून हात फिरवायची आणि बाजूला सारायची.

तपासण्यांसाठी तिला घेऊन गेले, त्या सकाळी ऑपरेशन थिएटरबाहेर सिस्टर नावं पुकारत होती. तिघांनी ओ दिलीच नाही.

"कोई गाँव चला गया, किसी को बुखार. रोज़ का है," सिस्टर म्हणाली.

आत टेबल रिकामं, डॉक्टर चहा पीत उभे, आणि बाहेर पुढच्या वर्षीची तारीख घेऊन माणसं बसलेली! मला इतका संताप आला की सांगता सोय नाही.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून. आमच्याकडे प्रत्येक साहेबाला एक लिंक ऑफिसर असतो. साहेब रजेवर गेले की त्यांच्या फायली तो बघतो, काम अडत नाही. मग पेशंटला लिंक पेशंट का नको? घरी येऊन, परिच्छेदांना नंबर घालून, एक पानी नोट टाइप केली. जवळ राहणारे, तपासण्या झालेले दोन-तीन जण रोज सकाळी तयार बसवायचे. कोणी आलं नाही की यादीतला पुढचा आत.

हॉस्पिटलच्या नेत्रविभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई नोट वाचून खो खो हसल्या. "लिंक पेशंट! आप तो पक्की सरकारी निकलीं. चलो, सोमवार से करके देखते हैं."

"आईंचं नाव पहिलं घालायला सांग ना," आमचे हे म्हणाले. मी असं काही बघितलं त्यांच्याकडे, की पुन्हा विषय काढला नाही. आई तिच्या क्रमानेच राहिली.

यादी मात्र भराभर पुढे सरकू लागली. तिसऱ्याच महिन्यात आईला लिंक पेशंट म्हणून बोलावलं. पहिल्या दिवशी ऐन वेळी एक सरदारजी धापा टाकत पोचले आणि आम्ही परत. दुसऱ्यांदाही तेच. "आला बिचारा, बरं झालं," आई म्हणाली. मला रडू येत होतं.

तिसऱ्या दिवशी नाव पुकारलं गेलं, कोणी उठलं नाही. सिस्टरने आईचा हात धरला आणि तिला आत नेलं. बाहेर मी एकटीच दोन्ही मुठी आवळून हसत बसले होते.

चष्मा आल्यावर आईने आधी तांदळाचं ताट मागितलं. खिडकीशी बसली, एक खडा उचलला, मग दुसरा, मग तिसरा. ते तळहातावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हे असले तांदूळ खायला घालत होतीस गं आम्हाला इतके महिने?"

त्या दिवशी मी आईची बोलणी पोटभर खाल्ली.