वकिलाला न म्हणता आलेलं ‘नाही’

करडईच्या भाजीचा वास आला की बिलोली कोर्टापुढचा लिंब आठवतो. खुनाच्या खटल्यातल्या माझ्या पक्षकाराची आई दर तारखेला त्याच्यासाठी डबा घेऊन तिथं बसायची. एकदा तिनं विचारलं, “वकीलसाहेब, माझ्या धाकट्यानंच मारलं का हो?” मारलं थोरल्यानं, हे धाकट्यानं मला विश्वासानं सांगितलेलं, आणि मायला कळू द्यायचं नाही असं बजावलेलं. पक्षकाराचं गुपित वकिलानं फोडायचं नसतं. मी म्हणालो, “माय, ते मला सांगता येत न्हाई.” डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, “नसतं मारलं, तर न्हाई म्हणाया काय लागतंय?” आणि उठून गेली. धाकटा निर्दोष सुटला, तेव्हा त्याला न्यायला थोरला आला. म्हणाला, “माय येत न्हाई. खुन्याचं तोंड बघायचं न्हाई म्हणती.” ती माय आता नाही. नावं मी अजूनही सांगत नाही.