एका चकरीत चार कामं

आमच्या घरातून कुणी बाहेर पडलं, की किस्सा घेऊनच परततं. सांगायला बसले तर जेवण राहून जाईल! कारण माणसं तीन, गाडी एक आणि प्लॅनिंग बाबांचं. गाव दारव्ह्यापासून फार लांब नाही, पण बाबांचा कायदा पक्का. "एका कामासाठी गाडी हालणार नाही. टाइम वाचला पाह्यजे!"

*

टाइम वाचतो, खोटं कशाला बोलू? एकदा सांत्वनाला जाताना त्यांनी वाटेतच गुरांच्या ढेपेचं पोतं घेतलं. घरातले रडताहेत आणि बाबांचं सगळं लक्ष दाराबाहेर, कारण गाडीजवळ गाय येऊन उभी! शेवटी ज्यांचे वडील गेले होते, तेच डोळे पुसत म्हणाले, "भाऊ, आधी ते पोतं आत आणा!"

*

आईला मात्र कुठं जावंच लागत नसे. ब्लाउज, बांगड्या, गोळ्या, सगळं बाबाच आणत. चष्म्यासाठी तरी ती जाईल असं वाटलं होतं. बाबांनी स्वतःचे डोळे तपासून तिचा चष्मा आणला! "इतके वर्षं एकाच घरात पाहून राह्यलो, नंबर कायले येगळा राह्यते?"

आई हसली. मला मात्र भयंकर राग आला.

*

पण गाणं कसं आणून देणार? दारव्ह्यात महिलांची भीमगीतांची स्पर्धा होती. आईनं आयुष्यात पहिल्यांदा नाव दिलं. मी कॉलेजातून थेट हॉलवर पोचले. तिचं नाव पुकारलं, आणि आई नाही! फोन लावला.

"आई, कुठी आहेस?"

"पंप दुरुस्तीच्या दुकानात. बाबा म्हणतात, वाटेतच हाय."

दुसऱ्यांदा पुकारलं. "आता खताच्या दुकानात," आई म्हणाली. आवाज रडवेला.

"आता एकदाच पुकारीन, मग नाव कापते," संयोजक बाई म्हणाल्या. मी त्यांच्या हातापाया पडले.

पुन्हा फोन लावला, तर आई धापा टाकत होती. "गाडीवरून उतरली मी! पायी येऊन राह्यली. ठेव फोन!"

घामाघूम झालेली आई आली ती थेट स्टेजवर. आणि काय गायली म्हणून सांगू! अख्खा हॉल टाळ्यांचा ठेका धरून होता. मला रडू आवरेना.

तेवढ्यात बाबा दारात. गाणं संपताच त्यांनी लांबूनच मनगटावर बोट आपटलं, चल लवकर!

प्रत्येकीला दोन गाणी म्हणायची मुभा होती. आईनं माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माहं अजून एक राह्यलं. तुमाले घाई असंल तं निंघा तुमी!"