अकरावी मागणी

तहसील कार्यालयाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. त्याचा एक पाय विटेवर टेकलेला आहे, पण त्यावर लिहिलेला अर्ज सहसा डगमगत नाही. समोरच्या सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर छापील अर्ज मिळतात, मजकूर सगळ्यांना सारखाच. मी लिहितो तो अर्ज वेगळा असतो. माझ्या अर्जाला भाषा असते असं लोक म्हणतात, आणि एखाद्या दिवशी कोणी म्हटलं नाही तर मी स्वतःच म्हणून घेतो. अंगात थोडी ऐट आहे, ती आधीच सांगून टाकलेली बरी.

आमचं गाव अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तालुक्याचं. कार्यालयांच्या पाट्या मोठ्या आणि गावाचा जीव लहान. राईस मिल बंद पडून तिच्या दारात बोरीचं झाड वाढलं. धान कापून झालं की लोक घराला कुलूप लावून नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात, ते होळीच्या पुढेमागे परततात. तेवढे महिने बाजारातले दुकानदार माशा मारत बसतात. मी अर्ज लिहितो खरा, पण ज्यांचे लिहायचे ते गावातच नसतात.

तेव्हा विधानसभेची निवडणूक लागली, तशी गावातल्या शहाण्यांनी एक कृती समिती केली. अध्यक्ष म्हणून कापड दुकानदार भाऊंना बसवलं, कारण सगळ्यांना बसायला जागा त्यांच्याच दुकानात होती. ठरलं असं की, या वेळी ज्याच्या त्याच्या गळ्यात हार घालत बसायचं नाही. गावाच्या दैन्याचं एक निवेदन करायचं, तिन्ही उमेदवारांना द्यायचं, आणि बाजाराच्या दिवशी तिघांना एकाच मांडवात बसवून उत्तर मागायचं. निवेदन लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मागण्या निघाल्या दहा. पहिली सगळ्यात मोठी होती, रोजगाराअभावी होणारं स्थलांतर थांबवावं. मग बंद मिल, नाल्यावरचा पूल, दवाखान्यात डॉक्टर, संध्याकाळची बस, धान खरेदी केंद्र अशा करत करत दहा. मी त्या सुवाच्य अक्षरात उतरवल्या आणि कागद लांब धरून पाहिला. दहाचा आकडा मला उघडा दिसला. आमच्याकडे कोणी दहा देत नाही. आहेर अकराचा, वर्गणी एक्कावन्नची. वर एक असला की शुभ. म्हणून मी अकरावी घातली: गावातील ऐतिहासिक तलावाचे सौंदर्यीकरण करून पर्यटनास चालना देण्यात यावी.

ही मागणी कोणी केली नव्हती. शेजारच्या तालुक्यात असं काही झालं होतं एवढं ऐकून होतो. पण वाक्य काय उतरलं होतं! मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. अध्यक्ष म्हणाले, "वा, हे मस्त जमलं." माझी छाती फुगली.

पहिले उमेदवार म्हणजे तेव्हाचे आमदार. त्यांनी चष्मा लावला, एक ते दहावरून बोट सरसर खाली आणलं आणि अकरावर थांबवलं. "हे करून टाकू," म्हणाले. दुसरे पेशाने ठेकेदार. त्यांनी तर कागद उलटा धरल्यासारखा खालूनच वाचला. बोटी, कारंजं, फिरायला फरशीचा रस्ता, फोटो काढायला गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं, सगळं देतो म्हणाले. तिसरे तरुण वकील, अपक्ष. त्यांनी निदान पहिल्या मागणीवर सुस्कारा टाकला. मग म्हणाले, "त्याला वेळ लागेल. तलावाचं मात्र पाहू."

मिल उघडायला मालक पाहिजे, पुलाला मंजुरी पाहिजे, डॉक्टरला इथे राहायची इच्छा पाहिजे. तलावाला काय पाहिजे? एक फलक आणि एक नारळ. आठवड्याभरात बाजारात पोस्टर लागले. निळं निळं पाणी, त्यावर बदकाच्या आकाराच्या पिवळ्या बोटी. बाकी दहा मागण्यांचा पोस्टरवर मागमूस नव्हता.

आता त्या तलावाबद्दल सांगतो. तो मालगुजारीच्या काळातला, जुन्या जमीनदारांनी बांधलेला. त्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून ढिवर मोहल्ला आहे, आणि मी त्याच मोहल्ल्यातला. माझ्या बापाने त्यात जाळं टाकलं, मोठ्या भावाने टाकलं. मला शाळेत अक्षर चांगलं आलं म्हणून मी सुटलो. भाऊ गेल्यापासून वहिनी त्यात शिंगाडा लावते, झिंगे धरते, कधी मरळ सापडली तर माझ्या घरी धाडते. मागणी लिहिताना हे सगळं मला ठाऊक होतं. तरी हाताने लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोस्टर लागले त्याच आठवड्यात ठेकेदारांची माणसं पाळीवर येऊन उभी राहिली. शिंगाड्याच्या वेलांकडे हात करून म्हणाली, "हे सब निकालना पडेगा. यंदाचा शिंगाडा शेवटचा समजा." पाण्यात डोंग्यावर वहिनी होती. तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि गिऱ्हाईक बसतं त्या फळीवर बसली.

"अर्जवाले भाऊ," ती म्हणाली, "एक अर्ज लिवाचा हाये."

लग्न होऊन घरात आल्यापासून तिने मला भाऊजीशिवाय हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, असं काऊन बोलून राह्यली?"

"वहिनी घरी. इथी मी अर्जदार."

आजूबाजूला दोघं-तिघं स्टॅम्प घेऊन उभे होते. मी मुकाट्याने पेन काढलं. "कोनाच्या विरोधात?"

"ज्यानं तलावाची मागनी लिवली त्याच्या."

मी पेन टेबलावर ठेवलं. ती मात्र थांबली नाही. आवाजही चढवला नाही तिने, चढवला असता तर बरं झालं असतं.

"लिवा. तुमचे भाऊ गेले तवापासून मी त्या पान्याच्या भरवशावर हावो. अर्धा मोहल्ला मिरचीले जाते. मी कधी गेली? नाई गेली. काऊन नाई गेली? तलाव होता म्हनून नाई गेली. आता मले या वयात नदीपार धाडता?"

मग मला माझाच कागद आठवला. पहिली मागणी, लोकांना बाहेर जावं लागू नये. अकरावी, जी बाई गेली नव्हती तिलाही जावं लागावं. एकाच कागदावर, एकाच सुवाच्य अक्षरात दोन्ही लिहिल्या होत्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. ती उठली आणि पदर झटकून निघून गेली.

मी तडक अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, अकरावी मागणी काढा. ते कापडाचा तागा गुंडाळत म्हणाले, "येडा झाला का तू? दहाचं उत्तर कोनी देऊन नाई राह्यलं. ही एक तरी पदरात पडू दे गावाच्या."

"गावाच्या पदरात पडून माह्या घरच्याइच्या ताटातून जाते, भाऊ."

"मंग लिवली काऊन?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. बाजाराच्या दिवसाआधीचे चार दिवस मी अर्ज लिहिले त्यांत कितीतरी चुका झाल्या. बायकोने बोलणं कमी केलं. मोहल्ल्यातून जाताना बायाबापड्या भांडी घासता घासता थांबत आणि मी पुढे गेलो की पुन्हा घासू लागत. मला उघड शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

बाजाराचा दिवस उजाडला. गुजरीच्या पटांगणात मांडव. तिन्ही उमेदवार खुर्च्यांवर बसले. बाजाराला आलेले खेड्यापाड्यातले लोक पिशव्या पायाशी ठेवून उभे राहिले. निवेदन वाचायचा मान माझा होता. एवढ्यात मोहल्ल्यातल्या बाया आल्या. सरळ तलावातून आल्यासारख्या, लुगड्यांचे काठ ओले, डोक्यावर उकडलेल्या शिंगाड्याच्या टोपल्या. पुढच्या सतरंजीवर बसल्या. मधोमध वहिनी. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी वाचायला लागलो. प्रत्येक मागणीनंतर तिघं उत्तर देत होते. आमदार म्हणाले पाठपुरावा सुरू आहे, ठेकेदार म्हणाले माझी सत्ता आली की पहिलं काम, वकील म्हणाले हे कठीण आहे पण लढू. लोक हूं हूं करत होते. कोपराला गूळ लावलेला त्यांना ओळखू येतो. दहावी संपली. तिघंही खुर्चीत सावरून बसले, जणू आता त्यांचं पान वाढलं जाणार होतं.

मी अकरावीवर आलो आणि थांबलो. अध्यक्षांनी मागून माझा कोट ओढला. मग मी कागद खालीच ठेवला.

"अकरावी मागनी गावाची नाई," मी म्हटलं. "ती माही हाये. दहाचा आकडा मले बरा दिसला नाई म्हनून मीनं वरून घातली. कोनी मागितली नोती. चूक माही."

मग मागून कोणीतरी हसलं आणि सारा बाजार हसला. माझ्या ऐटीचं जे व्हायचं ते त्या हसण्यात झालं. पण खरं सांगतो, पाठीवरचं धानाचं पोतं उतरवल्यासारखं वाटलं मला.

ठेकेदार हसले नाहीत. म्हणाले, "आता आमच्या जाहीरनाम्यात आली आहे. आणि त्यात वाईट काय? बोटी चालतील, तुमच्याच समाजाच्या पोरांना बोट चालवायचं काम देऊ."

वहिनी उभी राहिली. टोपली तशीच हातात.

"भाऊ, बोटीत बसन कोन?" तिने विचारलं. "गावातले तं मिरचीले गेले रायते."

पुन्हा हशा. पण या वेळी हसताना लोक उमेदवारांकडे पाहत होते.

"मी हसाले नाई बोलली," ती म्हणाली. "पह्यली मागनी हाये का लोकाईनं गाव सोडून जाऊ नये. जे नाई गेले ते कायच्या भरवशावर नाई गेले, हे तुमी कोनी पायलं का? आमी तलावावर हावो. त्याच्यात गाळ साचला तं आमीच काढतो. आमाले त्याच्यात नवं कायी नाई पायजे. तुमी तिघंबी एवढंच बोला, तलावाले हात लावनार नाई. मंग शिंगाडे खा आन् जा."

ढिवर मोहल्ल्याची मतं कोणाला नको होती? सगळ्यात आधी वकील उठले. मराठीत बोलले, मग मागे उभ्या असलेल्या गोंड लोकांसाठी तेच गोंडीत बोलले. आमदारांनी तलावाला वाकून नमस्कार केल्यासारखे हात जोडले आणि म्हणाले, "तलाव जसा आहे तसा." ठेकेदार जरा वेळ टाचा घासत उभे राहिले. मग सतरंजीवर किती लुगडी बसली आहेत ते पाहिलं आणि म्हणाले, "बाई, नाही लावणार हात. बस?"

"बस," वहिनी म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मी मांडवाच्या बल्लीला टेकून उभा राहिलो. बायांनी टोपल्या फिरवल्या. तिन्ही उमेदवार काळ्या सालींशी झटत शिंगाडे सोलत बसले, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून पुढे वाकून. त्या निवडणुकीत मी पाहिलेलं ते सगळ्यात प्रामाणिक काम होतं.

टोपली माझ्यापर्यंत आली तेव्हा ती वहिनीच्याच हातात होती. "घ्या भाऊजी," ती म्हणाली. "तोंड सुकलं तुमचं." मी शिंगाडा तोंडात टाकला आणि मला रडू आलं. सालीचा तुकडा घशात अडकला असं वाटून तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

निवडून कोण आलं ते मुद्दाम सांगत नाही. कोणीही आलं असतं तरी पुढचं असंच झालं असतं. मिलच्या दारातली बोर आता छपराला लागली आहे. पुलाचं मोजमाप करून गेले. संध्याकाळची बस मात्र सुरू झाली, मधूनमधून रुसते पण येते. आणि तलाव आहे तिथे आहे. त्याला कोणी हात लावला नाही. आश्वासन तंतोतंत पाळलं गेलेलं मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं.

पुढे नगरपंचायतीची निवडणूक लागली आणि समितीने पुन्हा मला कागद दिला. उरल्या नऊ मागण्या, त्यात स्मशानभूमीच्या शेडची एक नवीन, म्हणजे पुन्हा दहाच. अध्यक्ष माझ्याकडे पाहून गालात हसले. मी कागद घेऊन घरी न जाता पाळीवर गेलो. वहिनी डोंगा काठाला लावत होती. मी तिथेच मांडीवर कागद ठेवून अकरावी मागणी लिहिली आणि तिला वाचून दाखवली: तलाव आहे तसा राहू द्यावा.

"एवढीच?" ती म्हणाली. "तुमाले तं लांब लिवाची सवय हाये."

"एवढीच," मी म्हटलं.

तिने पाण्यातून एक वेल उचलला, उलटा करून खाली किती लागलेत ते पाहिलं आणि पुन्हा अलगद पाण्यावर सोडून दिला.