सेतुमामांनी केलेले डोळे

पहिल्या भेटीतच सेतुमामांनी माझ्यासमोर एक डबा उघडला. आत कापसावर बारा डोळे होते. मी दचकले. "घाबरूं नको, कण्णा. हे कोणाकडे पाहत नाहीत," ते म्हणाले. 'कण्णा' म्हणजे तमिळमध्ये 'बाळ'.

ते चेन्नईतल्या जुन्या तंजावरी मराठी घरातले. डोळा गमावलेल्यांसाठी तीस वर्षं कृत्रिम डोळे घडवून निवृत्त झालेले. अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात चालकाशिवाय माल वाहणाऱ्या गाड्या बनत. समोर कुणी आलं की गाडीनं त्याच्याकडे पाहावं आणि थांबावं, म्हणजे आपण तिला दिसलो हे माणसाला कळेल. म्हणून गाड्यांना डोळे करून द्यायला आम्ही त्यांना बोलावलं. डोळ्यातल्या शिरांसाठी ते लाल रेशमाचे तंतू एकेक करून बसवत. पहिली गाडी फिरली तेव्हा जुळणीवर काम करणारी सेल्वी हसून, हात जोडून तिला "वणक्कम" म्हणाली. पुढे गाडीची नजर वळली की सगळेच निर्धास्तपणे वाट ओलांडू लागले.

मग एका गाडीचा समोरचा माणूस ओळखणारा सेन्सर बिघडला, आणि नेमकी गिऱ्हाइकं पाहणीला येणार होती. "गाडी चालू द्या, डोळे नुसते फिरवत ठेवा," साहेब म्हणाले. तसा प्रोग्राम मी लिहिला.

सेतुमामा माझ्या टेबलापाशी आले. "माणसाच्या खोट्या डोळ्याशेजारी एक खरा असतो गे. इथं कोण पाहतं आहे?"

"दोनच दिवस, मामा."

दुसऱ्या दिवशी सेल्वी ट्रे घेऊन निघाली. गाडीचे डोळे तिच्याकडे वळले, म्हणून ती पुढे झाली. गाडी थांबली नाही. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत साहेबांनी सेल्वीचाच निष्काळजीपणा सांगितला. मी मान खाली घालून बसले. सेतुमामा उठले आणि तमिळमध्ये म्हणाले, "तिची चूक नाही. डोळ्यांनी तिला फसवलं, आणि ते डोळे मी केले." ते फिरवले कुणी, हे विचारूनही त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनीही माझं नाव काढलं नाही.

सेतुमामांचं काम गेलं. ते सेल्वीकडे जात राहिले. त्यांना भेटायचं धाडस मला झालं नाही. चार महिन्यांनी ते वारले, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले.

"तुझं नांव कोणाला कळूं दिलं नाही त्यांनी," मामी म्हणाल्या. "'ती आपण होऊन सांगेल,' म्हणत. वाट पाहत होते गे."

मग त्यांनी सेल्वीचा पत्ता कागदावर लिहून दिला. तिचं घर कारखान्यापासून बसनं वीस मिनिटांवर आहे. मी अजून गेलेले नाही.