देवाच्या कोंडात पाय

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगू? निम्म्याहून जास्त वाचून हसलोय. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... सगळ्या महाराष्ट्रातल्या भुतांचा शिंपी एकच आहे का राव, असं मी एकदा कमेंटमध्ये विचारलंही होतं. त्यावर काही जणांनी मला शिव्या घातल्या. त्यांना आता माझ्यावर हसायचं असेल तर हसून घ्यावं, माझी हरकत नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं लिहायला हात धजत नाही. नोकरी वन खात्यात, त्यामुळे अमावास्या-बिमावास्या न बघता रानात एकटा फिरलोय. कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात, आणि तीन माणसांसमोर. त्या दुपारचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही, म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी अवसरी खुर्दचा, म्हणजे आंबेगाव तालुक्याच्या सपाट, बागायती बाजूचा. वनरक्षक म्हणून मला नेमलं ते त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, तळेघरच्या पलीकडे, भीमाशंकरच्या डोंगरात. तिथे भात, नाचणी, दिवसातून एखादी एसटी आणि बाकी सगळं पायी. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. त्या माणसांना चौकश्यांचा त्रास नको.

वाडीच्या वरच्या अंगाला देवराई होती. तिथले लोक नुसतं ‘राई’ म्हणतात. राईच्या मधोमध ओढ्याचं पाणी खडकातल्या एका खोलगट जागेत साठायचं, तो कोंड. वर जांभळीची आणि आंब्यांची अशी सावली, की ओढा कोरडा पडला तरी कोंडात पाणी टिकायचं. त्यात खडस जातीचे मोठाले मासे होते. पावसाळ्यात हेच मासे खाली ओढ्यात पसरायचे, आणि खाली लोक ते पकडून खायचे. म्हणजे कोंड हे त्या सगळ्या ओढ्याचं बियाणं होतं. उन्हाळ्यात शेकरं, भेकरं, एखादं सांबर, सगळे पाण्याला तिथेच. वरची सावली तोडू न देणं आणि कोंडात गाळ येऊ न देणं, हे माझं काम. खरं तर ते काम माझ्या आधी कित्येक पिढ्या वाडीच करत होती. कोंडातला मासा देवाचा, त्याला हात लावायचा नाही. आणि कोंडात माणसाने पाय घालायचा नाही. पाणी हवं तर खाली झिरपतं तिथून भरायचं.

राईचे राखणदार होते लिंबाजीबाबा. सत्तरीच्या पुढचे, काटक, आणि तोंडाने महातिखट. मुलगा नारायणगावला कामाला, घरी सून हौसाबाई आणि नातवंडं. मी खालच्या बाजूचा म्हणून बाबा मला शेवटपर्यंत ‘पावणं’च म्हणायचे. नाष्ट्याच्या वेळेला गेलो की नाचणीची भाकरी पुढ्यात यायचीच, वर टोमणाही यायचा.

आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. राईतला पडलेला पालासुद्धा उचलायचा नाही, अशी चाल होती. वाळकी काडीदेखील नाही. त्यामुळे पाला साचून साचून गुडघाभर झालेला. मला तिथून जाळरेषा काढायची होती. म्हणजे पाला झाडून एक मोकळी पट्टी करायची, की आग आलीच तर तिला पुढे जायला काही मिळू नये.

“बाबा, हा पाला म्हणजे रॉकेल ओतून ठेवल्यासारखं आहे. एक पट्टी झाडू द्या,” मी म्हणायचो.

“तुमच्या अवसरीला झाडा, पावणं. हितला पाला देवाचा हाय.”

“देव काय करणार पाल्याचं?”

“तुमी सरकारी कागदांचं काय करता? ठिवताच न्हवं?”

शेवटी राईच्या बाहेरून, कडेकडेने पट्टी काढायची असं ठरलं. मी आणि माझ्या हाताखालचे वनमजूर गेनूभाऊ, आम्ही ती चांगली रुंद काढली. आतला पाला तसाच राहिला.

त्या वर्षी उन्हाळा वैऱ्यासारखा आला. वळवाचा एक शिडकावा नाही. कोंड इतका आटला, की मासे एकमेकांना घासत फिरायचे. ओढ्यातल्या डबक्यांत अडकलेले मासे आम्ही बादल्यांनी आणून, काठावरूनच, कोंडात सोडत होतो. त्या दिवशी सकाळीही सोडले. तेव्हा मी काठी बुडवून पाहिली होती. पाणी गुडघ्याला कसंबसं पुरलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तिथल्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. जमिनीवर शेण, पाला, फांद्या रचायच्या, वर माती पसरायची आणि पेटवायचं. खालच्या उतारावर कुणीतरी आदल्या दिवशी राब भाजला होता, रीतसर, वारा नसताना, पाणी मारून. पण मातीखाली शेण धुमसत राहतं. दुपारी वारा सुटला आणि उतारावरची कारवीची वाळकी झुडपं पेटली. मी त्या माणसाला दोष देत नाही. सगळे तसंच भाजतात.

वाडीतले बाप्ये हिरवे डहाळे घेऊन खालच्या बाजूने आग झोडपायला धावले. मी आणि गेनूभाऊ वर, पट्टीवर उभे. आग आली... आणि पट्टीपाशी येऊन खरोखर थांबली. मी ओरडलो आनंदाने! गेनूभाऊंनी मुंडासं काढून हवेत फिरवलं. तेवढ्यात वाऱ्याचा एक लोट आला, पेटलेला पाला आमच्या डोक्यावरून उडाला आणि राईत जाऊन पडला.

त्यानंतर काही हातात राहिलं नाही. तो देवाचा पाला भडभडून पेटला.

हौसाबाई धावत वर आली. “बाबा कोंडावर गेल्यात ओ! मगाधरनं!” असं ओरडत ती सरळ राईत घुसली. तिच्या मागे आम्ही दोघं. कोंडापाशी पोचलो तर बाबा काठावरच्या पायरीवर बसलेले. पायरी म्हणजे कोंडाच्या भिंतीतूनच पुढे आलेला सपाट कातळ, लोक तिथे नारळ ठेवायचे. वळून पाहिलं, तर आम्ही आलो ती वाट पेटली होती. पलीकडचीही पेटली होती. जायला जागा एकच उरली, कोंड.

“उतरा,” मी म्हणालो. गेनूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. जन्मभर ज्यात पाय घातला नाही त्यात उतरायचं, तेही राखणदारासमोर.

बाबाच म्हणाले, “हौसे, उतर तू. तुला पोरं हायेत. गेनू, तूबी उतर. द्येव माफ करंल.”

“आन तुमी ओ?” हौसाबाई रडत विचारत होती.

“मी राखणदार हाय. मीच पाय घातला तर राखलं काय?”

आम्ही उतरलो. पाणी गुडघ्याला. पायरी माझ्या छातीला लागत होती. मी बाबांचं मनगट धरून ओढलं. माणूस काटकुळा, एका हिसक्यात यायला हवा होता. पण त्यांनी दुसऱ्या हाताने जांभळीच्या मुळीला मिठी मारली होती, आणि मी पाय धरायला गेलो तर लाथा झाडत होते. “सोड! पाय बुडंल माजा, सोड!” हौसाबाई त्यांच्या धोतराला लोंबकळून विनवत होती. धोतर फाटून तिच्या हातात आलं. मी बाबांना शिव्या दिल्या, त्यांच्या देवाला दिल्या. ओंजळी भरभरून पाणी त्यांच्या अंगावर मारत राहिलो. दुसरं काय करणार होतो? मग धूर असा आला, की माझा हातच मला दिसेना.

आम्ही तिघं एकमेकांना धरून पाण्यात आडवे झालो, गुडघाभर पाण्यात दुसरं करता तरी काय येतं? डोक्यावर गेनूभाऊंचं ओलं मुंडासं ओढलं. वरून जळक्या काटक्या पडून चर्र आवाज होत होता. मासे अंगाला धडका देत होते, गळ्यात, काखेत, सगळीकडे घुसत होते. मला वाटलं, आपण इथे उकडून मरणार, माशांसकट.

आणि मग माझ्या हाताखालचा तळ गेला.

मला वाटलं घसरलो. धडपडून उभा राहिलो. उभा राहिलो, तरी पाणी गळ्याशी होतं. गार, इतकं गार की दात वाजायला लागले. मला पोहता येत नाही. मी हौसाबाईला वर धरलं, ती उंचीने कमी, तिच्या नाकातोंडात पाणी जात होतं. गेनूभाऊ माझ्या कानाशी ओरडले, “सायेब, पानी चढलं! पानी चढलं!” मी “बाबा! बाबा!” करत होतो. धुरातून उत्तर आलं नाही.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पाल्याची आग भडकते तशी लवकर उतरते. धूर विरळ झाला आणि मला दिसलं, की मी उभा आहे आणि पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आहे. सकाळी होतं तेवढंच. मासे पायाशी फिरत होते.

बाबा पायरीवर उकिडवे बसलेले, मुळीला धरून. अंगाचं काय झालं होतं ते लिहीत नाही. जीव होता. लोकांनी झोळी करून खाली नेलं, खात्याच्या जीपमधून मंचरला निघालो. हौसाबाईच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. वाटेत एकदाच ओठ हलले. “पायाला... गार लागलं गं,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “हे पाण्यात उभे होते का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पाण्यात पाय घालायचा नाही म्हणूनच तर हे झालं. त्यांनी चादर वर करून दाखवली. दोन्ही घोट्यांच्या जरा वर एक सरळ रेषा होती, मोजा घातल्यासारखी. रेषेच्या वर सगळं भाजलेलं. खाली एक फोड नाही. तळवे फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तसे पांढरे, सुरकुतलेले.

मी लॉजिकचा माणूस. सगळं उलटंसुलटं करून पाहिलंय. घाबरल्यावर गुडघाभर पाणी गळ्याएवढं वाटू शकतं, मान्य. पण तिघांना? बाबांच्या पायावर मीच पाणी मारलं होतं, मान्य. पण उडवलेल्या पाण्याने अशी सरळ रेषा येते का? पायरी माझ्या छातीला होती. पाणी खरंच माझ्या गळ्यापर्यंत आलं असेल, तर पायरीवर ते बरोबर घोटाभर चढलं असतं. हा हिशोब जुळतो, आणि तो जुळतो म्हणूनच माझी झोप उडते. भूगर्भातलं कळणारे एक ओळखीचे म्हणाले, एखादा झरा मोकळा झाला असेल. मग एवढं पाणी गेलं कुठे? काठावरचा भेगाळलेला चिखल तसाच कोरडा कसा?

वाडीतले लोक म्हणाले, देवाने तुम्हाला वाचवलं. हौसाबाईसमोर कुणी हे म्हटलं की ती उठून जायची. एकदाच माझ्याशी बोलली. “सायेब, आमी तिघांनी इटाळलं त्याला, आन त्यानं आमाला गळ्यापतुर पानी दिलं. ज्या मानसानं जल्मभर राखला, त्याला आनखी हातभर द्याया काय झालं व्हतं?”

पुढच्या उन्हाळ्यात राईतून पट्टी काढायला लागली ती हौसाबाईच. कुणाला विचारलं नाही, खराटा घेतला आणि देवाचा पाला झाडायला लागली. कुणी अडवलंही नाही. माझी बदली जुन्नरकडे झाली, पण मी अधूनमधून जातो. जळलेल्या झाडांना फुटवे आले, शेकरं परत आली. मासे तर उदंड आहेत. मी काठावर उभा राहतो, पायरीकडे बघवत नाही.

इथे हुशार माणसं आहेत, कुणी पाणी कसं चढलं ते समजावून सांगेल. सांगा, मी वाचेन. पण ते एक वेळ नाही कळलं तरी चालेल मला. त्या म्हाताऱ्यापर्यंत पोचलेलं पाणी त्याच्या घोट्यापाशी का थांबलं, हे कुणाला माहीत असेल तर तेवढं सांगा.