वरणातली गोळी

चाकूरला खानावळ चालवणारी माझी मल्लम्मामावशी. तिच्या वरणाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्मायचाय. त्याच वरणातून ती नवऱ्याला, बसवंतकाकांना दारू सोडवायची गोळी कुटून घालायची, त्यांना न सांगता. आमच्याकडे अशा कितीतरी बायका घालतात. आम्ही लिंगायत; गळ्यात लिंग असलेला नवरा पितो, हे डॉक्टरला सांगायचीही लाज. अब्रू झाकायला वरण बरं पडतं.

मी नांदेडला प्रयोगशाळेत नेमक्या त्याच एन्झाइमवर काम करते, ज्याला ही गोळी धरते. दारूपासून शरीरात जे विष बनतं, ते हे एन्झाइम मोडतं. त्याच्या आत एक अरुंद बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला गंधकाचा अणू. विष तिथवर पोचलं की त्याचं साधं आम्ल होतं. गोळीचा अंश त्या गंधकालाच चिकटतो आणि सुटत नाही. शरीर नवं एन्झाइम बनवेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, वाट बंद. त्यात दारू प्याली तर विष रक्तात साठत जातं.

मावशीच्या लेकीच्या साखरपुड्याला चाकूरला गेले होते. धपाटी थापता थापता मावशी हळूच म्हणाली, "अंजू, चार दिस झाले, गोळी बंद केली बघ. आज पाव्हण्यांत घोट घेतला तर तमाशा नको. उद्यापासून हायच पुन्हा."

मी फोन हातात घेतला. "मावशी, गोळी अजून अंगात हाय. काका कुठं हायत?"

"मळ्यात गेलेत, व्याह्यांसंगं."

काकांना लावलेला फोन मावशीच्या भावाने, ईश्वरप्पामामाने उचलला. "दाजी लालबुंद झालेत. छाती लई धडधडायली म्हणतेत. पित्त असंल, लिंबू पाजायलोय."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? भोवती सगळे पाहुणे. काकांचा रक्तदाब घसरत होता आणि मावशी पदर तोंडात धरून गप्प. मला तिची कीव आली नाही, रागच आला. मी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मीच घालत होते. वरणात."

काकांचे डोळे उघडे होते.

काका वाचले. दारूही सुटली. आता ताट वाढलं की पहिला घास ते मावशीला भरवतात. शेजारणी म्हणतात, या वयात काय ही माया. मावशी घास गिळते. काका थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहतात आणि मग जेवायला लागतात.