चरबीचा निरोप शोधणारे भास्करराव सर

वराहपालक बंधू-भगिनींनो, बीटी कपाशीवर बोंडअळी पडली की आपल्या जिल्ह्यात पाहणीच्या गाड्या धावतात. आपली गाभण डुकरीण मेली, तर शेजारी नाकाला रुमाल लावून म्हणतो, "लवकर पुरा!" आपल्या गौरव समितीनेही तेच केले. डुकरिणीच्या गर्भारपणावर संशोधन करणाऱ्या डॉ. भास्करराव सरांच्या पंचाहत्तरीच्या पत्रिकेत त्यांनी 'पशुधन' छापले. ज्या जनावरापायी सरांनी आयुष्य वेचले, त्या डुकराचे नाव घ्यायची यांना लाज!

सरांची पहिली भेट मोताळ्याच्या सभेत झाली. मी कापसावर तावातावाने बोलत होतो. सर मागून उठले, "सारं बोलले, पण डुकरिणीचं कोन बोलंन?" सभा हसली. सर हसले नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते मला धाड गावी शेवंताबाईंकडे घेऊन गेले. बाई डुकरे पाळतात. त्यांची गाभण डुकरीण ढोलासारखी फुगली होती आणि पुढ्यात सरकीच्या ढेपेची पाटी होती.

"काऊन चारता एवढं?"

"दोन जिवांची हाय ना, साहेब! लेकीले नाही का चारत आपण?"

"चरबी मुकी नसते, बाई. ते लेप्टिन नावाचा निरोप धाडते, रक्तातून थेट अंडाशयाले."

"मंग तिले म्हणा ना, चूप बस!"

सर खळखळून हसले. "कोन्या भाषेत म्हणावं, तेच तर शोधून राह्यलो."

डुकरिणीचे गर्भारपण शेवटपर्यंत अंडाशयातल्या पीतपिंडांवर, म्हणजे पिवळसर गाठींवर, टिकते. चरबीचे हे संप्रेरक त्या पिंडांना कधी हात देते, कधी आडवे येते, हे सरांना गाभण डुकरिणीच्याच अंडाशयात पाहायचे आहे.

बाईंची ढेप काही थांबली नाही. डुकरीण पोटातल्या पिलांसकट गेली. तिचे अंडाशय तपासायला न्यावे म्हणून सर बर्फाचा डबा घेऊन एसटीने पोचले, तोवर शेजाऱ्यांच्या धाकाने बाईंनी ती पुरून टाकली होती. सर रिकामा डबा मांडीवर घेऊन परतले. संतापलो मी, त्यांनी मात्र पुढच्या बाजारी बाईंना एक मादी पिल्लू आणून दिले आणि ते मोठे होऊन त्याला पिले होईपर्यंत त्याचा चारा स्वतः ठरवून दिला.

सरांना उदंड आयुष्य लाभो, सूक्ष्मदर्शकावरची नजर शाबूत राहो. पण नुसत्या सदिच्छांनी त्यांचा डबा भरत नाही, आणि प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. शाली घरी ठेवा. तुमची गाभण डुकरीण गेली, तर शेजारी कितीही ओरडू द्या. खड्डा खणण्याआधी सरांना फोन करा.